टिचकी

मडकं घेणारा आधी टिचकी मारतो.
खणखणलं तर घेतो, भद्द वाजलं तर
हळूच खाली ठेवतो, काही न बोलता.
मी खानापुरात कुंभाराच्या घरी दिलेली,
मला दोन्ही आवाज कळतात.
स्वतःवर टिचकी कुठं मारायची
तेवढं ठाऊक नव्हतं.

आधी फेस आला.
पहाटे मोरीत, साबणाशिवाय.
मी तांब्याभर पाणी ओतलं नि विसरले.
मग जोडवी रुतायला लागली बोटांत.
म्हटलं, उभं राहून राहून असेल.

बेळगावच्या सिव्हिलला अकरा वर्षं जातोय
मी नि भरमाण्णा, एकाच लाल बसनं
पण वेगवेगळ्या बाकांवर,
कारण गावचं कुणीतरी असतंच की बसमध्ये.
गोळी मात्र एक.
रात्री साडेनऊला, चुलीमागच्या फळीवर
लोणच्याचं लेबल असलेल्या एकाच डब्यातून.
लग्नातली गाठ मधे कितीदा सैल झाली,
साडेनऊ कधी चुकले नाहीत.

या खेपेला हुक्केरी मॅडमनी कागद उलटा करून बघितला,
मग सुलटा.
क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ.
मी विचारलं, व्हायरस वाढला काय?
"इल्ल अक्का. तो गप आहे, झोपलाय.
हे किडनीचं."

अकरा वर्षं पुढच्या दाराला कडी घालून
राखण बसले होते मी.
मागचं दार सताड.

डॉक्टर पोरगेलासा. मराठी मोडकी, पण कान चांगला.
अजून कुठली गोळी खाता?
नाही, म्हटलं.
कंबर दुखते काय?
त्याला कसं कळलं कोण जाणे,
माझा हात तिथंच होता बहुतेक.
तेव्हा पिशवीच्या तळातून काढली पट्टी,
चव्हाट्यावरच्या दुकानातली, चिठ्ठीशिवाय मिळते ती.
मलप्रभेकाठची माती तुडवून कंबर धरते.
रोज एक, भट्टी लावायच्या दिवशी दोन.
तीन वर्षं.

दुकानदाराला सिव्हिलची गोळी सांगितली नव्हती,
सिव्हिलला दुकानची.
दोघींनी एकमेकींचं तोंड बघू नये म्हणून
मीच मधे पडदा धरून उभी,
आणि आत, मुठीएवढ्या दोन गाळण्यांत
त्या रोज भेटत होत्या.

पहिल्यासारखं होईल का, विचारलं.
तो पेनाचं टोपण काढत-घालत बसला.
त्याच्या आधी मलाच उत्तर आलं:
कच्चं मडकं पाण्यात टाका, चिखल होतो,
पुन्हा चाकावर चढतो.
भाजलेलं नाही.
भाजलेल्याला नुसतं जपायचं असतं.
तो म्हणाला, आहे ते टिकवू, अक्का.
कंबरेची गोळी आजपासून बंद,
रात्रीची बदलू,
तीन महिन्यांनी परत रक्त, परत लघवी.

घरी आल्यावर फळीवर दोन डबे.
त्याची एक गोळी. माझ्या दोन, निराळ्या रंगाच्या.
भरमाण्णा बराच वेळ बघत राहिला.
"आता तुझं पंगतीचं ताट वेगळं," म्हणाला.
मी हसले नाही. तोही नाही.
मग पाण्याचा गडवा माझ्याकडे सरकवून
दिव्याकडे बघत बोलला,
उद्यापासून माती मी तुडवतो.
वीस वर्षं हा माणूस चाकावरून उठला नव्हता.

सकाळी त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत लाल.
तुडवणं वाईटच, गोळे राहिलेत जागोजाग.
पण बोलले नाही काही.
कंबरेला तापली वीट फडक्यात गुंडाळून बसले.

आता पहाटे मोरीत लगेच पाणी ओतत नाही मी.
वाकून बघते.
फेस आहे.
कालच्यापेक्षा कमी, की उजेडच कमी आहे?
जरा उजाडू देते,
मग ओतते.